‘मैदानात कधी पाय ठेवला असतात तर’: एका प्रतिक्रियेला उत्तर

संडरलंड या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबवरच्या गेल्या लेखाखाली ‘कॉर्नर फ्लॅग’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. तिथेच चार ओळी लिहायला बसलो, पण त्या थांबेनात, म्हणून ही वेगळी नोंद. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डिसेंबर २०११ ते एप्रिल २०१८ या काळात संडरलंडने आठ मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, नेमले. मार्टिन ओनील, पावलो दि कॅनियो, गस पोयेट, डिक अ‍ॅडव्होकाट, सॅम अ‍ॅलरडाईस, डेव्हिड मॉयेस, सायमन ग्रेसन, क्रिस कोलमन. आठही गेले आणि क्लब प्रीमियर लीगमधून दोन वर्षांत दोन पायऱ्या घसरून लीग वनमध्ये, म्हणजे तिसऱ्या पातळीवर जाऊन पडला. माझं म्हणणं असं की एकाच खुर्चीत बसून आठ जण हरतात तेव्हा खुर्ची तपासावी. खेळाडू कोण घेतो, कोणासाठी घेतो, आणि ज्याच्यासाठी घेतला तो पुढच्या दिवाळीपर्यंत तिथे असतो का.

आता प्रतिक्रिया, जशीच्या तशी:

“नेटफ्लिक्सवर एक मालिका बघायची आणि हजारो मैलांवरून सगळं खापर मालकावर फोडायचं, हे सोपं आहे. तोच संघ अ‍ॅलरडाईसने वाचवला आणि मॉयेसने बुडवला, यातच सगळं आलं. मैदानात कधी पाय ठेवला असतात तर मॅनेजर म्हणजे काय ते कळलं असतं. ल ब्रीसबद्दल एक अक्षर नाही, कारण तो तुमच्या थिअरीत बसत नाही. बाकी लेख फार लांबलाय.”

टीकेचं मला वावडं नाही. हा ब्लॉग वाचणाऱ्यांना ते माहीत आहे, अनेकदा तर मीच माझ्यावरची टीका वर आणून लावली आहे. पण टीका करणं वेगळं आणि समोरच्याची लायकी काढून मग मुद्द्याकडे वळणं वेगळं. पाच वाक्यांतली तीन माझ्याबद्दल आहेत, संडरलंडबद्दल नाहीत. तेव्हा आधी त्यांचंच उरकतो.

नेटफ्लिक्सची मालिका मी पाहिली आहे, चोरून नाही पाहिली. पण ती सुरू होते २०१७-१८ च्या हंगामापासून. तोवर आठातले सहा मॅनेजर येऊन गेले होते. दि कॅनियो त्यात नाही, पोयेट नाही, तुमचा लाडका अ‍ॅलरडाईसही नाही. माझा तीन चतुर्थांश लेख ज्या वर्षांवर आहे, त्या वर्षांत तिथे नेटफ्लिक्सचा कॅमेराच नव्हता. म्हणजे मालिका पाहिली की नाही हा प्रश्न मीच तुम्हाला विचारायला हवा. आणि हजारो मैलांचं म्हणाल तर तुम्हीही ही प्रतिक्रिया संडरलंडच्या वेअर नदीच्या काठावर बसून टंकली नसावी.

मैदानात पाय. हे वाक्य मात्र लागलं, कबूल करतो. मी कोल्हापूरचा आहे. ज्यांना कोल्हापूरचा फुटबॉल माहीत नाही त्यांनी एकदा हंगामात शाहू स्टेडियमवर येऊन दगडी पायऱ्यांवर बसावं. इथे क्लबला क्लब म्हणत नाहीत, तालीम म्हणतात, आणि पेठेतलं अर्धं घरदार त्या तालमीच्या रंगात असतं. मी आमच्या तालमीकडून डिफेन्सला खेळलो. फार मोठा खेळाडू नव्हतो, गुडघ्याने लवकर रजा दिली, पण त्यानंतरही कितीतरी हंगाम लहान गटाच्या पोरांना पहाटे पळवलंय. तालमीचं नाव घेत नाही, कारण पुढचं जे सांगणार आहे ते अजून तिथे असलेल्या माणसांना झोंबेल.

एका हंगामात आमच्या कोचने पदाधिकाऱ्यांकडे एकच मागणी केली: डावीकडे पळणारा एक पोरगा द्या. कार्यकारिणीतल्या एका वजनदार माणसाने बाहेरून स्ट्रायकर आणला. चांगला होता, उंच होता, पैसेही बरे मोजले होते. कोचने त्याला पहिल्यांदा पाहिला तो सामन्याच्या दिवशी, बूट बांधताना. “खेळवा,” एवढाच निरोप. खेळवला. डावी बाजू मोकळीच राहिली, तिथूनच दोन गोल खाल्ले. आठवड्याभरात कोच गेला. नव्या कोचला तो स्ट्रायकर वारशात मिळाला आणि त्याला तो नकोच होता, कारण त्याला दोन स्ट्रायकर घेऊन खेळायचंच नव्हतं. मी त्या डिफेन्समध्ये उभा होतो, साहेब. मॅनेजर म्हणजे काय ते मला तिथे कळलं. ज्याला संघ निवडायचा अधिकार असतो असं प्रेक्षकांना वाटतं, तो.

आता हेच संडरलंडच्या मापाने बघा. २०१३ च्या उन्हाळ्यात मालक एलिस शॉर्टने रोबेर्तो दे फान्ती या माणसाला फुटबॉल संचालक म्हणून आणलं. हा आधी खेळाडूंचा एजंट होता. त्या एका उन्हाळ्यात चौदा नवे खेळाडू आले. दि कॅनियो सप्टेंबरमध्ये गेला, लीगचे पाच सामने आणि एक गुण. दे फान्ती स्वतः जानेवारीत गेला. चौदा खेळाडू राहिले, पोयेटच्या गळ्यात. पोयेटला पासिंग करणारा संघ हवा होता, त्याला मिळाली ही सरमिसळ. तरी त्याने त्या वसंतात मँचेस्टर सिटीच्या मैदानावर २-२ केलं, चेल्सीला स्टॅमफर्ड ब्रिजवर २-१ हरवलं (लीगमध्ये घरच्या मैदानावर ७७ सामने न हरलेल्या त्यांच्या मॅनेजर मोरिन्योला), ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडलाही हरवलं आणि एप्रिलच्या मध्यात तळाला असलेला संघ चौदाव्या स्थानावर नेऊन ठेवला. पुढच्या मार्चमध्ये अ‍ॅस्टन व्हिलाकडून घरी ०-४ झालं आणि तोही गेला.

आणि आता तुमचं ते वाक्य, ज्यात म्हणे सगळं आलं. “तोच संघ.”

एक गोष्ट देतो तुम्हाला. अ‍ॅलरडाईसला मी लेखात दोनच ओळी दिल्या, त्या कमी होत्या. आठ सामन्यांत तीन गुण असलेला संघ हातात घेऊन ३९ गुणांवर नेणं, शेजारच्या न्यूकॅसलला दोन गुणांनी मागे टाकणं आणि एव्हर्टनला ३-० हरवून त्याच रात्री न्यूकॅसलला खाली ढकलणं, याला मोठा मॅनेजर लागतो. झालं? आता पुढे ऐका.

तोच संघ नव्हता. अ‍ॅलरडाईसच्या मधल्या फळीचा कणा होता यान एम्व्हिला, रुबिन कझानकडून उसना आणलेला. हंगाम संपला, तो परत गेला, क्लबने त्याला कायमचा घेतला नाही. उजवीकडचा येडलिन टॉटनहॅमचा उसना, तोही परत गेला आणि त्याच उन्हाळ्यात, बघा गंमत, न्यूकॅसलला गेला. बचावातला मधला खेळाडू काबूल ऑगस्टमध्ये वॉटफर्डला विकला. जानेवारीत आणलेल्या तिघांनी, कोने, खाझ्री आणि किर्शहॉफ यांनी, खरं तर तो संघ वाचवला होता. त्यातला किर्शहॉफ पुढच्या हंगामात जवळजवळ दवाखान्यातच होता आणि कोनेला उन्हाळाभर एव्हर्टनला जायचं होतं. कॅटरमोलही बहुतेक हंगाम जायबंदी. डेफो तेवढा होता, त्याने दोन्ही हंगामांत लीगमध्ये पंधरा-पंधरा गोल केले. आता सांगा, गोल करणारा तोच, गोल तेवढेच, मग बुडाले कुठे? मागे आणि मध्ये, जिथली माणसं गेली होती तिथे.

आणि मॉयेस आला कधी? इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाने अ‍ॅलरडाईसला उचललं म्हणून जुलैच्या २३ तारखेला. हंगाम सुरू व्हायला तीन आठवडे. तोवर खरेदी जवळपास ठप्प. मग काय, ओळखीतली माणसं गोळा केली: मँचेस्टर युनायटेडमधून मॅकनेअर आणि लव्ह, यानुझाय उसना, एव्हर्टनच्या जुन्या दिवसांतले पीनार आणि अनिचिबी. सोबत फ्रान्सच्या लॉरियां क्लबकडून न्डाँग, १ कोटी ३६ लाख पौंड, क्लबच्या इतिहासातली तोवरची सर्वांत महाग खरेदी, खेळाडूंचा बाजार बंद होण्याच्या दिवशी. ऑगस्ट संपायच्या आत मॉयेस पत्रकारांना सांगत होता की हा हंगाम तळातून वाचण्याच्या झगड्याचाच असेल. त्याच्या त्या रडव्या चेहऱ्याचा ड्रेसिंग रूमवर परिणाम झाला असेल, होतोच. २४ गुण, तळाचं स्थान. पण हाच मॉयेस एव्हर्टनमध्ये अकरा वर्षं टिकला होता आणि याच मॉयेसने २०२३ मध्ये वेस्ट हॅमला युरोपियन कॉन्फरन्स लीग जिंकून दिली. संडरलंडच्या वर्षभरापुरता तो फुटबॉल विसरला होता का?

खरं दुखणं तुमच्या वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात आहे. “अ‍ॅलरडाईसने वाचवला.” वाचवलाच. पण २०१३ मध्ये दि कॅनियोने वाचवला, २०१४ मध्ये पोयेटने, २०१५ मध्ये अ‍ॅडव्होकाटने (आर्सेनलला जाऊन ०-० आणि मग म्हातारा ढसाढसा रडला), २०१६ मध्ये अ‍ॅलरडाईसने. ओळीने चार हंगाम, चार नवे मॅनेजर, चार सुटका. आता या चौघांचं पुढच्या हंगामात काय झालं ते पाहा. दि कॅनियो सप्टेंबरपर्यंत, पोयेट मार्चपर्यंत, अ‍ॅडव्होकाट ऑक्टोबरपर्यंत, तेही लीगच्या आठ सामन्यांत एकही विजय नसताना स्वतःहून गेला. अ‍ॅलरडाईस पुढच्या हंगामापर्यंत थांबलाच नाही. म्हणजे नवा माणूस येतो, चार महिने पोरं जीव तोडून पळतात, आणि ज्या दिवशी त्याला स्वतःचा संघ बांधायचा असतो त्या दिवसापासून घसरण सुरू होते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? पण शॉर्टला दर मे महिन्यात दिसलं ते इतकंच की मॅनेजर बदलला आणि वाचलो. पाचव्या वर्षी ते चाललं नाही. तुम्ही ज्या सुटकेकडे बोट दाखवता, तिनेच मालकाला चार वर्षं फसवलं असं माझं मत आहे, आणि ते मालिकेत नाही, गुणतक्त्यात आहे.

मग ग्रेसन. त्याच्या हातात पडलं काय? डेफो फुकटात बोर्नमथला गेलेला, पिकफर्ड अडीच कोटी पौंडांना एव्हर्टनला विकलेला, ते पैसे खेळाडूंत फारसे उतरले नाहीत, कारण क्लबवर १० कोटी पौंडांच्या वर कर्ज होतं. आणि पगारपत्रकावर जॅक रॉडवेल, २०१४ मध्ये पाच वर्षांचा करार दिलेला, ज्यात संघ खाली गेला तर पगार कमी होईल असं कलमच नव्हतं. दुसऱ्या पातळीवरच्या क्लबमध्ये न खेळता आठवड्याला ७० हजार पौंड, असं तिकडची वर्तमानपत्रं छापत होती. तो करार ग्रेसनने केला होता? कोलमनने? वेल्सला २०१६ च्या युरोच्या उपांत्य फेरीत नेणारा माणूस आहे तो. एप्रिलमध्ये घरी बर्टनकडून १-२ हरून लीग वनमध्ये गेला.

ल ब्रीस. लेख २०१८ ला संपतो, शीर्षकातच साल आहे, शीर्षक तरी वाचायचं. तरीही तुमच्यासाठी: रेजिस ल ब्रीसला २०२४ मध्ये संडरलंडचा मॅनेजर म्हणून आणलं तेव्हा तो लॉरियां घेऊन फ्रान्सच्या पहिल्या पातळीवरून खाली आलेला होता. तुमच्या हिशेबाने तो ‘बुडवणारा’. त्याच्या आधी मायकेल बील बारा सामन्यांत गेला. पण या वेळी खेळाडू घेणारा क्रिस्तियान स्पीकमन २०२० पासून त्याच जागेवर होता, मालक लुई-ड्रेफस २०२१ पासून, आणि बॅलर्ड, डॅन नील, रिग, जोब बेलिंगहॅम ही पोरं ल ब्रीस येण्याआधीच तिथे होती. बील गेला तरी पोरं हलली नाहीत. २४ मे २०२५ ला वेम्बलीवर शेफील्ड युनायटेडला २-१ हरवलं, वॉट्सनचा गोल पंचाण्णवाव्या मिनिटाला, आणि क्लब प्रीमियर लीगमध्ये परतला. ल ब्रीस चांगला आहे, मला आवडतो. बसला थिअरीत?

लेख लांब आहे म्हणता. तुमच्या प्रतिक्रियेवरून वाटतं तुम्ही अर्ध्यातच सोडला असावा, तेव्हा तुमच्यापुरता तो आखूडच होता.

एवढं सगळं लिहिल्यावर एकच विचारतो, आणि उत्तर खोचक नको, सरळ द्या. शॉर्टच्या जागी तुम्ही असतात तर आठांपैकी कुणाला ठेवलं असतंत? अ‍ॅलरडाईस म्हणू नका, त्याला इंग्लंडने नेलं, तुम्हाला विचारून नेलं नाही. उरलेल्या सातांतलं एक नाव सांगा आणि त्याच्यासाठी त्या उन्हाळ्यात कोणता खेळाडू घेतला असतात ते सांगा. जमलं तर पुढच्या खेपेला स्वतःच्या नावाने लिहा. मी लिहितो.