काय स्क्वेअरचा उजवा कौल

प्रबंधाचं चौथं प्रकरण अडलंय ना? प्रस्तावना झाली, पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणून इतरांच्या प्रबंधांतले उतारे झाले, संशोधन पद्धतीही झाली (ती सगळ्यांची शब्दशः सारखीच असते, त्यामुळे चोरीचा आळ कोणा एकावर येत नाही). आता आकडे हवेत, आणि मिरगाचा पाऊस लागायच्या आत बाड गाईडच्या टेबलावर पडायला हवं. घाबरू नका. दापोलीपासून दोडामार्गापर्यंत कुठल्याही विषयाला चालून जाईल अशी संख्याशास्त्रातली एक चाचणी आहे: काय स्क्वेअर. तिला सरासरी लागत नाही, नुसती मोजदाद पुरते. होय की नाही, हापूस की पायरी, ट्रॉलर की पर्ससीन, मुंबईला गेला की गावात राहिला. गट पाडता आले की काम झालं, आणि गट पाडण्यात आपल्या गावांचा हात कोण धरणार?

चाचणी करते काय ते एकदा सांगून टाकतो. पुढे ते विसरायचंच आहे. चौकटीतल्या प्रत्येक घराची अपेक्षित संख्या काढायची: आडव्या ओळीची बेरीज गुणिले उभ्या ओळीची बेरीज, भागिले एकूण. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसता तर त्या घरात साधारण किती जण आले असते, एवढंच ती संख्या सांगते. मग प्रत्यक्ष मोजलेल्यातून अपेक्षित वजा करा, वर्ग करा, अपेक्षितानेच भागा आणि सगळ्या घरांची बेरीज घ्या. दोन गुणिले दोनच्या तक्त्याला ही बेरीज ३.८४१ च्या वर गेली की पाच टक्के पातळीवर फरक ‘सार्थक’, म्हणजे निव्वळ योगायोगाचा न वाटणारा, म्हणायचा. कार्ल पिअरसनने १९०० साली ही चाचणी मांडली, त्यात वेल्डनने बारा फासे २६,३०६ वेळा टाकून जमवलेले आकडे वापरले होते. एवढे कष्ट तुम्ही घ्यायचे नाहीत. आपल्याला १२० आंबे पुरतात.

समजा, चौदा आणे तयार झाल्यावर काढलेले ६० हापूस आणि झाडावरच सोळा आणे (म्हणजे पूर्ण) तयार झालेले ६० हापूस तुम्ही कापलेत. चौदा आण्यांत ९ मध्ये साका (आतला गर बिघडण्याचा दोष) निघाला, सोळा आण्यांत १८ मध्ये. साक्याची अपेक्षित संख्या दोन्हीकडे १३.५, बिनसाक्याची ४६.५. बेरीज होते ३.८७. वाचलात! तीन शतांशांनी का होईना, पार झालात. पी-व्हॅल्यू (तिचा अर्थ शेवटी सांगतो, तूर्त ती ०.०५ च्या खाली असली की झालं) ०.०४९. आता ‘अत्यंत’ हा शब्द कुठे घालायचा तेवढं ठरवा.

इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण खरी कला गणितात नाही, ती खळ्यात आंबे कापताना असते. साका पडलेला आंबा बाहेरून अगदी निर्दोष दिसतो. रंग चढलेला, वास सुटलेला. देठाकडून सुरी घातली की बाठ्याजवळ पांढुरका, पोकळ झालेला गर दिसतो आणि आंबूस वास येतो. बागेतले काका म्हणतातच, “भायरसून कळाचा नाय, कापूकच व्हयो.” पण कापल्यावरही सगळं कळतं असं थोडंच आहे? एखाद्या आंब्यात बाठ्याला नखाएवढी फिकट जागा असते. हा साका की नुसता कच्चेपणा? ठरवणार तुम्ही, आणि आंबा कुठल्या ढिगातला आहे ते तुम्हाला ठाऊक असतं. चौदा आण्यांच्या ढिगात असा एक आंबा ‘साका’ धरलात आणि ९ चे १० झाले, तर बेरीज घसरून २.९८ वर येते आणि तुमचा शोध अरबी समुद्रात जातो. म्हणून सल्ला असा, की फिकट डागाचा आंबा चौदा आण्यांतला असेल तर काकांच्या नातवाला खायला द्या आणि ‘निर्दोष’ म्हणून नोंदवा. सोळा आण्यांतला असेल तर फोटो काढून परिशिष्टात लावा. ढिगांची ओळख लपवून तिसऱ्याच माणसाकडून निवाडा करून घेण्याची एक पद्धत आहे म्हणतात. ती ज्यांना निकालाची घाई नाही त्यांच्यासाठी.

एक धोका राहतो. एखादा शहाणा विचारील, “येट्सची दुरुस्ती लावली का?” फ्रँक येट्सने १९३४ मध्ये सुचवलं, की दोन गुणिले दोनच्या तक्त्यात प्रत्येक फरकातून अर्धा वजा करून मग वर्ग करावा. तसं केलंत तर ३.८७ चे ३.०६ होतात. त्यामुळे लावू नका. ही दुरुस्ती जास्तच कडक आहे असं खरोखरचे जाणकारही म्हणतात, तेव्हा तुम्हाला सज्जन साक्षीदार आयताच मिळाला. मात्र पुढच्या तक्त्यात फरक नको असेल तर तीच दुरुस्ती आठवणीने लावा आणि ‘खबरदारी म्हणून’ असं लिहा. त्यानेही भागलं नाही तर डिग्री ऑफ फ्रीडम (बेरजा ठरल्यावर किती घरं मोकळेपणी भरता येतात तो आकडा) वाढवा. खुद्द पिअरसन अशा चार घरांच्या तक्त्याला ३ धरायचा, म्हणजे ओलांडायचा आकडा ७.८१५. ती १ च असते हे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९२२ मध्ये दाखवून दिलं, आणि ते पिअरसनला पटवून घ्यायचं नव्हतं. मोठ्या माणसाची चूक आपल्या सोयीची असेल तर तिला परंपरा म्हणतात.

३.८७ वर समाधान नसेल तर टक्के भरा. चाचणीला मोजलेल्या संख्या लागतात, टक्के नव्हेत, पण संगणकाला ते कुठे कळतंय? १५ टक्के आणि ३० टक्के असे १०० पैकी म्हणून घाला, त्याच १२० आंब्यांतून ६.४५ निघतात. न कापलेल्या ऐंशी आंब्यांचा निष्कर्ष, तोही सुरीला हात न लावता. त्याहून गोड युक्ती म्हणजे प्रत्येक आंबा दोघांना दाखवायचा, काकांना आणि काकूंना, आणि दोघांच्या नोंदी वेगवेगळ्या धरायच्या. दोघांचं एकमत असलं (संसारात तेवढंच असतं) तर १२० चे २४० होतात, काय स्क्वेअर दुप्पट होऊन ७.७४ वर जातो आणि एक टक्का पातळीचा ६.६३५ चा उंबरठाही ओलांडतो. प्रत्येक नोंद दुसरीपासून स्वतंत्र हवी ही अट पुस्तकात असते, पुस्तक ग्रंथालयात असतं. खलाशांना जीवरक्षक जॅकेटचं प्रशिक्षण दिलंत तरी हाच मार्ग. तीच पन्नास माणसं प्रशिक्षणाआधी पन्नास आणि नंतर पन्नास, म्हणजे शंभर झाली. अशा जोडीच्या नोंदींसाठी मॅकनेमरने १९४७ मध्ये वेगळी चाचणी दिली आहे, तिचं नाव घेतलंत तर पुढचे प्रश्न येतील.

फक्त फाय नावाचा आकडा काढू नका. काय स्क्वेअरला एकूण संख्येने भागून वर्गमूळ घेतलं की तो मिळतो आणि संबंध किती घट्ट आहे ते सांगतो. आपला येतो ०.१८. काका-काकूंना घेऊन दुप्पट केलंत तरी ०.१८ च. असला हट्टी आकडा प्रबंधात शोभत नाही.

देवळात कौल लावताना पाहिलंय ना? गुरव पाषाणाला दाणे लावतो, गाऱ्हाणं घालतो, “बरा होऊचा असात तर उजवो दी, म्हाराजा,” आणि दाणा उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. ह्यात एक मोठी गैरसोय आहे. प्रश्न आधी विचारावा लागतो, तोही मोठ्याने, आणि ऐकायला मानकऱ्यांसकट अख्खा गाव उभा असतो. डावा पडल्यावर “नाय, माका दुसराच विचारूचा होता” असं म्हणता येत नाही. लॅपटॉपपुढे मात्र तुम्ही एकटेच असता. साका आणि तालुका, साका आणि कलमाचं वय, साका आणि बागायतदाराचं शिक्षण, खत, वई (कुंपण), कुत्रा, रास, असे वीस कौल लावा. कशाचाच कशाशी संबंध नसला आणि वीस चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र असल्या, तरी पाच टक्के पातळीवर निदान एक तरी उजवा पडण्याची शक्यता ६४ टक्के असते. तो पडला, की त्या एकाचं गाऱ्हाणं मागाहून लिहा आणि पहिल्या प्रकरणात ‘परिकल्पना’ म्हणून चिकटवा. उरलेले एकोणीस डावे कोणाला दिसतात?

मासळीवरच्या सर्वेक्षणात घरं रिकामी राहण्याचा त्रास होतो. सुरमई, पापलेट, बांगडा, मांदेली, तारली एकीकडे आणि पाच वयोगट दुसरीकडे, म्हणजे पंचवीस घरं, आणि माणसं भेटली चाळीस. एसपीएसएस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर तक्त्याखाली बारीक अक्षरांत छापतं, की इतक्या घरांत अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी आहे, म्हणजे चाचणीवर फार विसंबू नका. ती ओळ तक्ता चिकटवताना कापली जाते, अपघात होतात. नाहीतर घरं एकत्र करा. अर्थाला धरून एकत्र करावीत असं म्हणतात, तुम्ही पी-व्हॅल्यूला धरून करा. पापलेट आणि तारली एका घरात आली तर ‘चंदेरी मासळी’ म्हणा. हर्णेच्या लिलावात असं म्हटलंत तर कोळणी काय म्हणतील ते इथे छापण्यासारखं नाही, पण त्या काही व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, येत नाहीत. छोट्या तक्त्यांसाठी फिशरची अचूक चाचणी आहे, दूध आधी घातलं की चहा ते चवीवरून ओळखण्याच्या आठ कपांच्या गोष्टीवरून तिची ओळख करून देतात. चहा प्या, चाचणी राहू द्या.

निष्कर्ष लिहिताना हात आखडता घेऊ नका. पी-व्हॅल्यू ०.०४९ म्हणजे संबंध नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. हे वाक्य कोणाला आवडत नाही. तुम्ही लिहा, ‘सदर निष्कर्ष ९५ टक्के खरा आहे.’ आणि लगेच पुढे, ‘उशिरा काढणीमुळेच साका होतो.’ सोळा आण्यांचे आंबे सगळे कातळावरच्या कलमांचे होते आणि चौदा आण्यांचे सगळे वाडीतल्या सावलीतले, हे काकांना विचारलं तरच कळतं. तेव्हा विचारू नका. उलट पी-व्हॅल्यू ०.३ आली तर ‘कोणताही संबंध नाही हे सिद्ध झाले’ असं ठणकावून लिहा. बारा माणसांवर काहीही सिद्ध होतं.

काहीजण बागेत जातच नाहीत, पंख्याखाली बसून फॉर्म भरतात. त्यांनी एवढंच जपावं, की आकडे फार गुळगुळीत भरू नयेत. मेंडेलच्या वाटाण्यांचे आकडे अपेक्षेशी नको इतके चांगले जुळतात असं फिशरने १९३६ मध्ये दाखवलं. काय स्क्वेअर फारच लहान येणं हीसुद्धा तक्रार असू शकते, हे तेव्हा लोकांना नीट कळलं. खऱ्या मोजणीत थोडी आडवीतिडवी असते. तुमच्या फॉर्मवर चहाचे डाग पाडलेत तरी आकड्यांवर ते पडत नाहीत.

शेवटी, मूळ तक्ता छापू नका. चार आकडे दिसले की कोणीही मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांत सगळं पुन्हा करून पाहील. नुसतं ‘पी ०.०५ पेक्षा कमी’ लिहा आणि शेजारी केशरी रंगाचा गोल आलेख टाका. बाहेरचे परीक्षक बहुधा घाटावरचे असतील, त्यांना साका ही जात वाटेल. देवगडचे निघाले तर मात्र व्हायवाच्या आदल्या दिवशी घरी पेटी पाठवू नका. कापून बघतील, आणि मोजतीलही.