जुना गिझर बदलण्याचा खर्च खरोखर वसूल होतो का?

‘सात वर्षे झाली की गिझरच्या दुरुस्तीत पैसे घालू नका, सरळ नवा घ्या, खर्च त्याच्या किमतीएवढाच, आणि तोही विजेच्या बचतीतून भरून निघतो,’ असा सल्ला सध्या सर्रास फिरतो आहे. तो ऐकून धडधाकट गिझर भंगारात जातात, म्हणून त्यातील प्रत्येक विधान तपासायला हवे.

वयाचा मुद्दा आधी घेऊ. पोलादी टाकीत मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड असतो. टाकीऐवजी तो झिजतो, आणि तो संपल्यावरच गंज टाकीकडे वळतो. जड पाण्यात रॉड लवकर संपू शकतो आणि पाणी तापवणाऱ्या एलिमेंटवर क्षार साचून ते जळते, म्हणून वर्षे मोजण्यापेक्षा रॉड वेळेवर बदलणे महत्त्वाचे. रॉड, एलिमेंट, थर्मोस्टॅट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सुटे बदलता येतात. टाकीलाच भोक पडले असेल तर मात्र नव्या गिझरला पर्याय नाही. तेव्हा गळणारे पाणी नेमके कुठून येते ते आधी पाहावे; तापताना पाणी प्रसरण पावते आणि त्या दाबाने व्हॉल्व्हमधून काही थेंब पडले, तर तो बिघाडही नव्हे.

खर्च किमतीएवढाच असतो, हे तर साफ चूक आहे. नव्या गिझरचे ब्रॅकेट जुन्या छिद्रांवर बसेलच असे नाही, जोडनळ्या आणि व्हॉल्व्ह नवे लागतात, आणि अर्थिंग सदोष निघाले तर ते सुधारल्याशिवाय गिझर चालू करणे जिवावर बेतू शकते.

राहिली विजेची बचत. 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 1.16 युनिट वीज लागते, मग गिझर नवा असो वा जुना, कारण एलिमेंट जवळजवळ सगळ्या विजेची उष्णताच करते. फरक पडतो तो टाकीच्या उष्णतारोधक आवरणामुळे. गिझर दिवसभर चालू राहत असेल तर ही बचत खरी आहे. पण आंघोळीपुरता लावून बंद करणाऱ्यांच्या बिलात ती फारशी जाणवणार नाही.

टाकी नसलेला इन्स्टंट गिझर घेतला तरी तेवढ्याच पाण्याला तेवढीच वीज लागते, फक्त साठवलेल्या पाण्यातून वाया जाणारी उष्णता वाचते. 3 किलोवॅटचा असा गिझर पाणी 25 अंशांनी तापवताना मिनिटाला जेमतेम 1.7 लिटर देतो. शॉवरला पुरेल एवढी धार हवी असेल तर याच्या कितीतरी पट क्षमता लागते, आणि तिच्यासाठी जाड वायर व स्वतंत्र एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर गेल्यास वीज तोडणारा स्विच) टाकावा लागतो. हा खर्च त्या सल्ल्यात कुठेच धरलेला नाही.