ताबा निम्मा झाला म्हणून पोटगी आपोआप थांबत नाही

विभक्त पालकांमध्ये फिरणारा एक संदेश असा: मूल महिन्यातले पंधरा दिवस वडिलांकडे राहू लागले की पोटगी आपोआप बंद होते, आई कमावती असेल तर वडिलांकडे काही देणे उरत नाही, आणि दोघांनी मुद्रांकावर लिहून दिले की न्यायालयात जाण्याचे कारण नाही.

‘आपोआप’ हा यातला सर्वांत महागात पडणारा शब्द आहे. न्यायालयाचा आदेश न्यायालयच बदलते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 खाली पोटगी ठरते आणि परिस्थिती बदलल्यास कलम 146 खाली ती कमी-जास्त करून मागता येते. त्याआधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली 125 आणि 127 ही कलमे हेच सांगत होती. हिंदू विवाह कायद्याचे कलम 26 घटस्फोटानंतरही मुलांविषयीचा आदेश बदलण्याची मुभा देते. अर्ज न करता पैसे थांबवणाऱ्याच्या नावावर मात्र थकबाकी चढत जाते, तिच्या वसुलीसाठी वॉरंट निघू शकते आणि तरीही ती न भरल्यास कैदही होऊ शकते. ज्याची मागणी मुळात रास्त होती, तोच अशा रीतीने थकबाकीदार ठरतो.

दिवस निम्मे म्हणजे खर्च निम्मा, हे गणितही आपल्या कायद्यात नाही. ऑस्ट्रेलियात मूल कोणाकडे किती रात्री राहते याची टक्केवारी रक्कम ठरवण्याच्या सूत्रातच धरली जाते. संदेशाचा उगम कदाचित तिकडचा असावा. आपल्याकडे न्यायाधीश मुलाची गरज आणि दोघांची ऐपत पाहतात. शाळेची फी, रिक्षाकाकांचे पैसे, शिकवणी यांपैकी काहीही दिवसांनुसार वाटले जात नाही. उलट दोन घरांत दोन पलंग आणि अभ्यासाची दोन टेबले लागतात.

आईच्या कमाईबद्दल संदेश अर्धा खरा आहे. पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा या 2000 सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचा खर्च दोघांनीही उचलावा असे म्हटले, पण वडिलांचे उत्पन्न सुमारे दुप्पट असल्याने तो 2:1 असा वाटून दिला. आईची कमाई वडिलांचा वाटा घटवू शकते. तो पुसून टाकत नाही.

राहिला मुद्रांक. पालकांमधला करार पुरावा म्हणून उपयोगी पडतो, पण पोटगीचा हक्क मुलाचा असल्याने आईवडिलांपैकी कोणीही तो परस्पर सोडून देऊ शकत नाही. समझोता झालाच असेल तर सहमतीच्या अटी आदेश देणाऱ्या न्यायालयातच दाखल कराव्यात, आणि फी, औषधपाणी, सहलीचा खर्च कोण देणार हे त्यांत नावानिशी लिहावे. समझोता नसेल तर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार उत्पन्न व मालमत्तेची प्रतिज्ञापत्रे द्यावी लागतात. कौटुंबिक न्यायालयातील विवाह समुपदेशकांकडेही बरेच वाद मिटतात. व्यवस्था बदलेल त्याच महिन्यात अर्ज करावा, कारण आधीच्या महिन्यांची सूट मिळेलच असे धरून चालता येत नाही. मूल पुन्हा पूर्णवेळ आईकडे परतले आणि तिला रक्कम वाढवून हवी असली, तर तिलाही हाच अर्ज करावा लागतो.