बाराव्या नंबरची भिशी

वयाच्या 53 व्या वर्षी मी पुन्हा शाळकरी पोरासारखा बाकावर जाऊन बसलो, त्याला कारण मुलाची स्कूटर झाली. तिच्यासाठी 90,000 रुपयांचे कर्ज काढले तेव्हा समोरच्या टाय लावलेल्या तरुणाने "फक्त दहा टक्के, तेही फ्लॅट," असे मोठ्या मायेने सांगितले होते. फ्लॅट म्हणजे सपाट आणि सपाट म्हणजे खाचखळगे नसलेले, असा अर्थ मनाशी लावून मी सह्या केल्या. पुढे दर महिन्याला 3,250 रुपये भरताना मात्र या सपाटीवर आपण कुठेतरी ठेचकाळत आहोत असे वाटू लागले, पण कुठे ते सांगता येईना. बेळगावच्या शहापुरात तीन पिढ्या साड्यांचे दुकान चालवणाऱ्या घराण्याला हे शोभणारे नव्हते. आमच्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी इथपासून औटकीपर्यंत, म्हणजे थेट साडेतीनच्या पाढ्यापर्यंत, सगळे तोंडपाठ होते. त्या वारशातून माझ्या वाट्याला फक्त गल्ल्याची किल्ली आली.

म्हणून एका कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी चालणाऱ्या वित्तीय गणिताच्या सहा महिन्यांच्या वर्गाला मी नाव घातले. वर्गात वीस-बावीस वर्षांची मुले होती, मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या, आणि टिळकवाडीचे रेल्वे गेट पडल्यामुळे मी रोज दहा मिनिटे उशिरा पोहोचत असल्याने पहिल्या आठवड्यात मला सगळे शिपाई समजत होते.

गणिताआधी मला आकड्यांनीच गाठले. मॅडम कानडी, इंग्रजी आणि मराठी एकाच वाक्यात सुखाने नांदवत, आणि बेळगावात राहून मला कानडी येत नाही असे म्हणण्याची सोय नव्हती. बड्डी म्हणजे व्याज, असलु म्हणजे मुद्दल, एवढे मला दुकानामुळे ठाऊक होते. घोटाळा वेगळाच होता. मराठी माणूस 'सदतीस' म्हणताना आधी सात सांगतो आणि मग तीस. कानडी माणूस 'मूवत्तेळु' म्हणताना आधी तीस सांगतो आणि मग सात. आयुष्यभर एकक आधी ऐकण्याची सवय लागलेला माझा कान मूवत्तेळु ऐकताच तीन एककाच्या घरात बसवी, सात दशकाच्या घरात चढवी, आणि माझी वही प्रामाणिकपणे 73 लिही. पहिल्या महिन्यात मी सोडवलेली सगळी उदाहरणे रीतीने बरोबर होती, फक्त ती दुसऱ्याच कुणाच्या तरी कर्जाची होती.

त्यातच टक्क्यांची भानगड. आमच्या बाजारात 'दोन टक्क्याने पैसे घेतले' म्हणजे शेकडा दोन रुपये दर महिन्याला, हे लहान पोरालाही कळते. पुस्तकात टक्के वर्षाचे असतात. त्यामुळे मॅडमनी 12 टक्के म्हणताच मी घाबरून वर्षाचे 144 धरले आणि कर्जदाराला तिसऱ्या वर्षी देशोधडीला लावले. "काका, तुमचा सावकार फार कडक आहे," असे मॅडम म्हणाल्या, आणि तेव्हापासून पोरे मला सावकारकाका म्हणू लागली.

सरळ व्याज मात्र सरळच निघाले. चक्रवाढीला कानडीत चक्रबड्डी म्हणतात. दोन्ही भाषांना या ठिकाणी चक्रच आठवावे हा केवळ योगायोग असेल असे मला वाटत नाही. 72 ला व्याजदराने भागले की रक्कम अंदाजे किती वर्षांत दुप्पट होते ते कळते, हे शिकल्यावर मी आठवडाभर दिसेल त्याला भागत सुटलो. सहा टक्क्यांना बारा वर्षे, आठला नऊ. मग मॅडमनी याकोब बर्नुली या स्विस गणितज्ञाची 1683 ची गोष्ट सांगितली. एक रुपया वर्षाला शंभर टक्क्यांनी दिला आणि व्याज दर महिन्याला, दर दिवसाला, दर क्षणाला मुद्दलात मिळवत गेले, तर वर्षअखेर अगणित पैसे होतील असे वाटते. प्रत्यक्षात रक्कम 2.718 च्या आसपास अडून राहते. सावकाराच्या हव्यासालाही मर्यादा असते हे गणिताने साडेतीनशे वर्षांपूर्वीच सिद्ध केले होते, फक्त तसे कोणी सावकारांना कळवलेले दिसत नाही.

चौथ्या महिन्यात स्कूटरचे प्रेत उकरले गेले. फ्लॅट पद्धतीत तीन वर्षांचे व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण 90,000 वर धरतात, म्हणजे 27,000. वास्तविक दर हप्त्याबरोबर मुद्दल फिटत जाते आणि शेवटच्या वर्षी तर आपल्याकडे त्यातले थोडेच उरलेले असते. पण जे परत केले त्याचेही व्याज आपण भरतच राहतो. उरलेल्या मुद्दलावर दहा टक्के लावले असते तर हप्ता 2,904 रुपये पडला असता. माझा 3,250 चा हप्ता उलट्या बाजूने सोडवला, तेव्हा खरा दर वर्षाला जवळजवळ 18 टक्के निघाला. त्या रात्री मला झोप लागली नाही. अज्ञानात मी महिन्याला 3,250 रुपये भरत होतो. आता तेवढेच भरत होतो, पण रक्तदाबाच्या गोळीसह.

एवढ्यावर थांबलो असतो तर घर शाबूत राहिले असते. पण पुढचा धडा 'वर्तमान मूल्य', म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाचे आजचे मोल, हा होता, आणि त्याच आठवड्यात आमच्या घरी भिशी होती. बारा बायका, दरमहा प्रत्येकी 2,000 रुपये, म्हणजे ज्या बाईची चिठ्ठी निघेल तिला 24,000. चहा घेऊन बाहेर आलो आणि कुणीही विचारलेले नसताना मी सांगितले, की महिना एक टक्का धरला तर बाराव्या महिन्यात मिळणाऱ्या 24,000 चे पहिल्या महिन्यातले मोल 21,512 रुपयेच भरते, सबब शेवटच्या नंबरची बाई पहिलीपेक्षा 2,488 रुपयांनी मागे राहते. खोलीत शांतता पसरली. शेवटचा नंबर समोरच्या घरातल्या काकूंचा होता. पहिला नंबर रिवाजाप्रमाणे भिशी चालवणारीचा, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा होता, हे माझ्या अंमळ उशिरा लक्षात आले.

"म्हणजे वहिनींनी माझे अडीच हजार खाल्ले म्हणा की," काकू म्हणाल्या.

"अडीच नव्हे, 2,488," मी दुरुस्ती केली.

बायका गेल्यावर हिने शांतपणे विचारले, "अहो, बारा महिने दारोदार फिरून मी पैसे गोळा करते. एखादीचे अडले तर माझे घालते. ते तुमच्या सूत्रात कुठे बसतं?" मी वही चाळली. ते कुठेच बसत नव्हते. नव्या भिशीत तिने माझे नाव घातले, चिठ्ठी न टाकता बारावा नंबर दिला, आणि वसुलीचे कामही माझ्याकडेच सोपवले.

परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी खिडकीतल्या कारकुनाने कागदावरून नजर न उचलता माझे गुण पुटपुटले: "मूवत्तेळु. पास." मी तरंगतच बाहेर पडलो, वाटेत अर्धा किलो कुंदा घेतला, घरी येऊन त्र्याहत्तर गुण मिळाल्याचे जाहीर केले आणि काकूंच्या घरीही वाटी पाठवली. गुणपत्रिकेची घडी हिने उघडली तेव्हा कुंदा निम्मा संपला होता. तिने कागद पाहिला, माझ्याकडे पाहिले, आणि उरलेल्या कुंद्यावर झाकण घातले.

"सदतीस गुणांचा खाऊन झालाय," ती म्हणाली. "उरलेला छत्तीसचा माझा."