सर्वेक्षण झालंय, पण मोजलं काय?

कोकणात प्रकल्प निघाला की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडतात. जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पावरून पडले, बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पावरून पडले. एक म्हणतो, शास्त्रज्ञांनी सर्वेक्षण केलंय, आता विरोध कशाला? दुसरा मार्शल बेटांतल्या बिकिनीवर अमेरिकेने केलेल्या अणुस्फोटाचा फोटो टाकून मोकळा होतो. मी अर्कान्सासात, बेंटनव्हिलला असतो. शेजारच्या स्प्रिंगडेलमध्ये प्रशांत महासागरातल्या याच मार्शल बेटांवरून आलेली हजारो माणसं राहतात, त्यातली कितीतरी कोंबड्यांच्या कारखान्यांत राबतात. अमेरिकेशी झालेल्या १९८६च्या करारामुळे त्यांना इथे राहायला व्हिसा लागत नाही. ग्रीन कार्डच्या रांगेतल्या आमच्या मंडळींना याचा हेवा वाटतो; त्यांच्या बेटांवर काय झालं हे मात्र कोणी विचारत नाही.

तो फोटो मला पटत नाही. बॉम्बची चाचणी आणि विजेची अणुभट्टी एका मापाने मोजू नयेत. पण ‘सर्वेक्षण झालंय’ हेही मला पुरत नाही, आणि त्याचं कारण बिकिनीच आहे.

मार्च १९४६ मध्ये अमेरिकी नौदलाने बिकिनीची १६७ माणसं मानवजातीच्या भल्यासाठी म्हणून, तात्पुरती, रोंगेरिक या दुसऱ्या बेटावर नेली. तिथे उपासमार झाली. १९४८ मध्ये त्यांना किली बेटावर टाकलं. बिकिनीत प्रवाळाच्या कड्याआड शांत पाणी होतं, मासेमारी होती. किलीला तसा आडोसाच नाही, समुद्र खवळला की होडी लागत नाही. इकडे बिकिनीवर १९५८ पर्यंत २३ स्फोट झाले.

१९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी लोकांना परत पाठवायचं जाहीर केलं. सफाई झाली, नवे माड लावले, काही कुटुंबं परतलीही. १९७८ मध्ये त्यांना पुन्हा उठवावं लागलं. त्या प्रवाळी मातीत पोटॅशियम फार कमी असतं, त्यामुळे झाडं त्याच्या जागी स्फोटातून उरलेलं किरणोत्सर्गी सिझियम-१३७ ओढून घेतात. किरणोत्सर्ग मोजायचं मीटर घेऊन बेटावर फिरलं तर आकडा फारसा चढत नाही. शहाळं प्यायलं, खोबरं खाल्लं की तेच सिझियम अंगात जातं. लोक बेटावरचं अन्न किती खातील, याचा अंदाज हिशेब मांडणाऱ्यांनी फार कमी धरला होता. माडाखाली राहणारं घर किती नारळ फोडतं, हे गुहागरच्या कुठल्याही आजीने सांगितलं असतं!

मार्शलमधल्याच रोंगेलाप बेटाचं तर विचारूच नका. १ मार्च १९५४ च्या १५ मेगाटनच्या ‘ब्राव्हो’ स्फोटाची राख या बेटावर पडली. लोकांना हलवलं दोन दिवसांनी. १९५७ मध्ये ‘आता हरकत नाही’ म्हणून परत आणून सोडलं. पुढे १९७८ मध्ये उत्तरेकडच्या बेटांचं मोठं किरणोत्सर्ग सर्वेक्षण झालं आणि १९८२ मध्ये त्याचे निष्कर्ष मार्शली भाषेतही छापले गेले. लोकांनी ते वाचले आणि १९८५ मध्ये सरकारची वाट न बघता ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेच्या जहाजातून बेट सोडलं. आकडे आपल्या भाषेत हाती आल्यावर लोक स्वतः ठरवू शकतात, हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे एप्रिल २०२३ मध्ये बारसूचं माती परीक्षण पोलीस बंदोबस्तात झालं. परीक्षणाला विरोध करणाऱ्यांना अडाणी ठरवणं सोपं आहे. पण बंदोबस्तात काढलेल्या मातीच्या अहवालावर गाव विश्वास तरी कसा ठेवणार? जैतापूरला जमिनीची मोजणी झाली, मोबदला वाढला. साखरी नाट्याच्या मच्छीमाराचं पोट मात्र जमिनीवर नाही, समुद्रावर आहे, आणि सातबाऱ्यावर समुद्र येत नाही. अणुभट्टीचं गरम पाणी समुद्रात सुटणार असेल, तर आज तिथे कुठल्या महिन्यात कोणती मासळी किती मिळते, गाव त्यातलं किती खातं, याची नोंद आधी हवी. ती ठेवणारी संस्था ठरवताना ग्रामसभेला विचारावं, आणि सगळे आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. मोबदल्याची बोलणी त्यानंतर.