आईला बाहेर बोलवायचं कुणी?

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तोच विषय निघाला. आई 78 वर्षांची. पाय, डोळे, कान सगळं बऱ्यापैकी शाबूत. तरीही सोसायटीचं फाटक ओलांडून ती महिनोन्महिने गेलेली नाही. वहिनी म्हणाली, "लॉकडाऊन उठून इतकी वर्षं झाली, अजून कसली भीती?" दादा म्हणाला, "तिला नको वाटतंय तर राहू दे की. सगळं घरपोच येतं, फोनवर सगळ्यांशी बोलते. तिला कमी काय आहे?"

मी इंग्लंडमध्ये राहते. मला दोघांचंही पटलं नाही, आणि का ते ग्रुपवर चार ओळींत सांगता येईना.

मुळात आईला भीती वाटतच नाही. 1 मार्च 2021 ला साठीच्या पुढच्यांसाठी लस खुली झाली आणि त्याच आठवड्यात ती जाऊन घेऊन आली. नंतर कोविड होऊनही गेला. विचारलं की म्हणते, "घाबरत नाही गं मी. पण जाऊ कुठे, आणि कशाला?" हा 'कशाला' पूर्वी तिच्या तोंडी नव्हता. सकाळी चालायला जाणाऱ्या त्या सहाजणी होत्या. त्यातल्या दोघी त्या काळात गेल्या, एकीला मुलगा स्वतःकडे घेऊन गेला. उरलेल्या तिघींनी काही ठरवलं नव्हतं, पण एकमेकींना हाक मारणं थांबलं.

आणि घरात बसायची सवय तिची तिने लावून घेतलेली नाही. ती आपण लावली. मे 2020 पासून केंद्र सरकारच्या आदेशांमध्ये 65 वर्षांवरच्या व्यक्ती, आजारी माणसं, गरोदर स्त्रिया आणि 10 वर्षांखालची मुलं यांनी अत्यावश्यक कामाशिवाय घरातच राहावं, असं एका दमात सांगितलेलं असे. म्हणजे धडधाकट माणूससुद्धा केवळ वयामुळे त्या यादीत. महाराष्ट्रात तर चित्रीकरणाच्या नियमांमध्ये 65 वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर येण्याचीच मनाई होती. 70 वर्षांचे एक अभिनेते त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट 2020 मध्ये न्यायालयाने ती अट भेदभाव करणारी ठरवून रद्द केली. कामावर जाणाऱ्याला दाद मागता आली. घरात पोटच्या मुलांनीच अडवलं, तर आईने कुठे जायचं?

अडवणाऱ्यांत मी पहिली होते. दोन वर्षं रोज व्हिडिओ कॉलवर माझं पहिलं वाक्य ठरलेलं: "आई, बाहेर पडली नाहीस ना?" तिने नाही म्हटलं की मला झोप लागायची. 2 एप्रिल 2022 ला महाराष्ट्राने सगळे निर्बंध उठवले. त्या दिवशी मी तिला फोन करून "आता जा हं" असं म्हटलं का? नाही म्हटलं. आमच्या घरात कुणीच म्हटलं नाही.

इथे ते निदान कागदावर झालं. मार्च 2020 मध्ये ब्रिटननेही सत्तरीपुढच्यांना जास्त जपायला सांगितलं होतं, आणि ज्यांची तब्येत फारच नाजूक, त्यांना घर न सोडण्याची पत्रं पाठवली होती. इंग्लंडमध्ये 1 एप्रिल 2021 पासून तो सल्ला मागे घेतला गेला, तोही पत्रानेच. माझ्या शेजारणीकडे दोन्ही पत्रं आहेत. ती 83 वर्षांची, एकटी राहते. दुसरं पत्र आल्यावरही वर्षभर ती अंगणापलीकडे गेली नाही.

तिच्या मुलांनी तिला कधी जबरदस्ती केली नाही. "तिचा निर्णय आहे," म्हणायचे. हे मला इथलं मनापासून आवडतं. डॉक्टर प्रश्न तिला विचारतात, शेजारी बसलेल्या मुलाला नाही. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या देखत त्याच्याबद्दल तिसऱ्याशी बोलतात, तसं इथे फार कमी पाहिलं. पण 'तिचा निर्णय' म्हणताना तिला एकटीला सोडून दिलं जातं, हेही मी पाहिलं. दादाचं "राहू दे" आणि इथलं "तिचा निर्णय" यांत मला आता फारसा फरक वाटत नाही.

शरीर तर थांबत नाही. निरोगी वृद्धांना 10 दिवस अंथरुणात ठेवून केलेल्या एका प्रयोगात त्यांच्या पायांचं सुमारे 1 किलो मांस झडलं. आई अंथरुणात नाही हे खरं, पण खुर्ची ते पलंग, पलंग ते खिडकी अशी वर्षं गेली की रस्ता ओलांडायचा धीर पायांतूनच जातो. त्यालाच मग आपण भीती म्हणतो.

सोयी लागतातच, त्यात वाद नाही. रेल्वेने 20 मार्च 2020 ला ज्येष्ठांची भाडेसवलत काढून घेतली, पुरुषांची 40 टक्के आणि स्त्रियांची 50 टक्के. प्रवास टाळा म्हणून घेतलेला तो निर्णय पाच वर्षं उलटली तरी फिरवला गेला नव्हता. हा मला सरळ अन्याय वाटतो. राज्याने 2022 मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत केली, ते चांगलं केलं. पण माझ्या शेजारणीच्या पर्समध्ये मोफत बसचा पास तेव्हाही होता. बस दाराजवळ थांबायची, पायरीही खाली यायची. ती चढत नव्हती.

ती बाहेर पडली ते वाचनालयातल्या एका स्वयंसेविकेमुळे. त्या बाईने "येत जा" असं म्हटलं नाही. "गुरुवारी साडेदहाला मी तुमच्या दाराशी येते," म्हणाली, आणि आली. पहिल्या गुरुवारी दोघी कोपऱ्यापर्यंत जाऊन परतल्या. तिसऱ्या की चौथ्या खेपेला बसमध्ये बसल्या. आता शेजारीण दुसऱ्या एका आजोबांना आणायला जाते.

हे मी ग्रुपवर लिहिलं. वहिनीला कळलं, दादा अजून विचारात आहे. मग मी आईच्या त्या सहाजणींतल्या एका मावशींना फोन लावला. किती वर्षांनी! त्या म्हणाल्या, "अगं, तुझ्या आईलाच आता नको असेल, असं मला वाटलं." आईला त्यांच्याबद्दल हेच वाटत होतं.

सोमवारी सकाळी सात वाजता त्या आईच्या दाराशी येणार आहेत. "आधी फाटकापर्यंतच जाऊ," म्हणाल्या. आईने कपाटातून चालण्याचे बूट काढायला लावलेत, आणि ते घट्ट होतात म्हणून काल माझ्याशी अर्धा तास बोलली.