सांभाळावी, पण वाजवू नये

जुन्या रेकॉर्ड्स जमवणाऱ्या माणसाच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा दोन प्रश्न विचारतो. "या सगळ्या तुम्ही ऐकल्या आहेत का?" हा पहिला आणि "हे सगळं आता फोनवर मिळत नाही का?" हा दुसरा. पहिल्याचे उत्तर "नाही" आणि दुसऱ्याचे "बरेचसे मिळते" असे असल्यामुळे संभाषण खरे तर तिथेच संपायला हवे. परंतु मी दोन्ही प्रश्नांची उत्तरे सविस्तर देतो, आणि त्यामुळेच असेल, आमच्याकडे तोच पाहुणा सहसा दुसऱ्यांदा येत नाही.

सविस्तर उत्तर पुढीलप्रमाणे आहे. रेकॉर्ड खराब होण्याची कारणे पुष्कळ आहेत, पण त्यांतले सर्वांत खात्रीचे कारण म्हणजे ती वाजवणे. तबकडीच्या एका बाजूवर पाहणाऱ्याला शेकडो वर्तुळे दिसत असली, तरी प्रत्यक्षात तिथे कडेपासून मध्यापर्यंत गेलेली एकच सलग खाच असते. तिची रुंदी केसाएवढी आणि लांबी, वीस मिनिटांची बाजू असेल तर, चारशे मीटरहून अधिक भरते. एवढा सगळा रस्ता हिऱ्याचे एक अतिसूक्ष्म टोक दीड-दोन ग्रॅमच्या भाराने घासत जाते. भार क्षुल्लक वाटतो खरा, पण टोकच इतके बारीक की त्याखाली पडणारा दाब प्रचंड असतो. हिरा आणि प्लास्टिक यांच्या झटापटीत कोण हरणार हे सांगायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. बरे, हिरा तरी अभंग राहावा, तर तोही काहीशे तासांनी झिजतो आणि झिजलेला हिरा म्हणजे पटाशीच. जी खाच तो कालपर्यंत वाचत होता, तीच तो आता तासू लागतो.

पूर्वी न्याय उलटा होता. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असत आणि त्या लाखेत दगडाची पूड मुद्दाम कालवलेली असे, जेणेकरून पोलादी पिनच घासून खाचेच्या आकाराची व्हावी. त्यामुळे दर बाजूला नवी पिन लावावी लागे. म्हणजे तबकडी पिनेला खात असे, आणि मालकाला निदान काय बदलायचे ते कळत असे. 1948 मध्ये कोलंबिया कंपनीने 33⅓ फेऱ्यांची, व्हिनाइल या प्लास्टिकची एलपी, म्हणजे 'लाँग प्ले' तबकडी, बाजारात आणली, एका बाजूत वीस-बावीस मिनिटे मावू लागली आणि जगभर आनंदीआनंद झाला. माझ्यासारख्यांच्या संसाराचे वाटोळे त्याच आनंदातून सुरू झाले, असे माझ्या पत्नीचे मत आहे.

तर या सर्व शास्त्रातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. जी रेकॉर्ड आपल्याला जिवापाड आवडते, ती वाजवायची नाही. मधूनमधून कव्हरातून अर्धी बाहेर काढून, तिच्यावरची चकाकी दिव्याच्या उजेडात पाहून पुन्हा आत सारायची. फारच आवडत असेल तर तिची दुसरी प्रत मिळवावी, म्हणजे एक वाजवायला आणि एक ठेवायला होते. मात्र वाजवायची प्रत कधीतरी झिजणार हे उघड असल्यामुळे तिच्या जागी येण्यासाठी तिसरी लागते, आणि तिसरी नेमकी पहिलीपेक्षा चांगल्या स्थितीत मिळाली, तर सगळ्यांची बढती-बदली नव्याने ठरवावी लागते. या हिशेबात एक गोष्ट घरच्यांच्या आधी लक्षात आली आणि माझ्या उशिरा: उत्तम रेकॉर्ड्स जपून ठेवायच्या म्हटल्यावर आमच्या घरात दिवसभर वाजते ते फक्त मला न आवडणारे संगीत.

किंबहुना संगीतसुद्धा नाही. 1958 च्या सुमारास स्टीरिओ रेकॉर्ड्स बाजारात आल्या, तेव्हा हा चमत्कार लोकांना पटवून देण्यासाठी प्रात्यक्षिकाच्या तबकड्या निघाल्या होत्या. त्यांत डाव्या स्पीकरातून आलेली आगगाडी उजव्या स्पीकरातून निघून जाते, नाहीतर कोणी दोन गृहस्थ टेबल टेनिस खेळतात आणि चेंडू खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टकटकतो. अशी एक तबकडी माझ्याकडे एका गठ्ठ्यातून आली. तिच्यावर इतके ओरखडे आहेत की आणखी एखाद्याने तिचे काहीच बिघडणार नाही, म्हणून सुई तपासायला, स्पीकर तपासायला आणि पाहुण्यांना ऐकवायला तीच लावतो. "अहो, ती गाडी पोचली का एकदाची?" असा प्रश्न दररोज आतल्या खोलीतून येतो.

वजनाविषयी मात्र मला कोणी आधी सांगायला हवे होते. बारा इंची तबकडी हातात घेतली की शे-सव्वाशे ग्रॅमची, जाड असली तर 180 ग्रॅमची. यात भार तो कसला, असे वाटते. पण कव्हरासकट अडीचशे-तीनशे रेकॉर्ड्स एक मीटर फळीवर बसतात आणि त्या मीटरचे वजन पन्नास किलोंच्या वर जाते. फळ्या करायला आलेल्या सुताराने "पुस्तकंच ना?" असे विचारून मनात पातळ प्लायचा हिशेब मांडला होता. मी "पुस्तकांहून जड" म्हटल्यावर त्याने माझ्याकडे, मग भिंतीकडे आणि मग जमिनीकडे पाहिले, आणि खालच्या मजल्यावर कोण राहते याची चौकशी केली.

शिवाय रेकॉर्ड्सना कसेही ठेवून चालत नाही. एकीवर एक आडव्या रचल्या तर खालच्या दबतात आणि कव्हरांवर गोल वळ उठतात. तिरप्या टेकवल्या तर काही महिन्यांत वाकतात. ताठ उभ्या, पण गच्च नव्हेत आणि सैलही नव्हेत, अशी शिस्त पाळायची तर प्रत्येक कप्प्यात बोटभर जागा मोकळी सोडावी लागते. अशी मोकळी जागा पाहून संग्राहकाच्या मनात काय येते हे सुज्ञांस सांगणे नलगे. ऊन लागले तर व्हिनाइल मऊ पडून कडा लाटांसारख्या होतात, दमट हवेत कव्हरांना बुरशी धरते. त्यामुळे घरातील सर्वांत कोरडी, सावलीची आणि हवेशीर भिंत त्यांना द्यावी लागली. त्या भिंतीला पूर्वी आमचा पलंग होता.

आता धुण्याविषयी. घरी आलेली जुनी रेकॉर्ड तशीच्या तशी सुईखाली घालणे म्हणजे खाचेतली वाळू हिऱ्याकडून दळून घेणे, म्हणून आधी तिला न्हाऊमाखू घालावे लागते. मी आधी मधले लेबल झाकतो, कारण कागदाला पाणी लागले की रंग वाहतात. मग शुद्ध केलेल्या पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब घालून, मऊ फडके खाचेच्या दिशेने फिरवत, कडेवरचा बुरसट करडा पट्टा हळूहळू काळा कुळकुळीत होईपर्यंत थांबत नाही. फडक्यावर जे काही उतरते ते पाहून, यापूर्वी ज्यांनी ही रेकॉर्ड ऐकली त्यांना नेमके काय ऐकू आले असेल, याचे कुतूहल वाटते. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावू नये, कारण स्पिरिटात लाख विरघळते आणि गायकासकट धुऊन निघते. हे सगळे झाल्यावर रेकॉर्ड वाळवायची कुठे, हा प्रश्न उरतो. ताटल्या उभ्या ठेवायच्या जाळीत एलपी इतकी बेताची बसते, की त्या जाळीचा आकार ठरवणाऱ्याने मनात काय धरले होते याविषयी मला तरी शंका नाही. ताटल्या तेवढ्या वेळापुरत्या पुस्तकांच्या कपाटात जातात. पुरती वाळण्याआधीच कोरड्या फडक्याने पुसायचा मोह झाला, की मात्र तबकडीवर स्थिर वीज चढते आणि खोलीभरची धूळ निमंत्रण मिळाल्यासारखी तिच्यावर येऊन बसते. मग पुन्हा पहिल्यापासून.

रेकॉर्ड्स विकत घ्याव्या लागतात हा एक गैरसमज आहे. पहिली काही वर्षे घ्याव्या लागतात. पुढे आपली ख्याती पसरते आणि "आजोबांच्या रेकॉर्ड्स आहेत, आम्ही घर आवरतोय, तुम्ही घेऊन जाता का?" असे फोन येऊ लागतात. यात एकच अट असते आणि ती म्हणजे सगळ्या न्यायच्या. सगळ्यांमध्ये रिकामी कव्हरे, कव्हराविना तबकड्या, आणि एका गायिकेच्या कव्हरात घुसलेला परभाषा शिकवण्याचा चौथा पाठ, असे सर्व काही येते. पहिला, दुसरा आणि तिसरा पाठ दुसऱ्या कोणाच्या तरी आजोबांकडे असणार, या आशेने मी तोही ठेवला आहे. 1949 मध्ये आरसीए व्हिक्टरने काढलेल्या 45 फेऱ्यांच्या सात इंची तबकड्याही असतात. त्यांच्या मधल्या मोठ्या भोकात बसवायची प्लास्टिकची चकती मात्र कोणाच्याच आजोबांनी जपून ठेवलेली नसते.

विकत घ्यायची वेळ आली तर विक्रेत्यांची श्रेणीपद्धत माहीत असावी लागते. संग्राहकांच्या जगात 'मिंट' म्हणजे कोरी, 'निअर मिंट' म्हणजे कोरीसारखी. यानंतर 'व्हेरी गुड' येते आणि नवखा माणूस निर्धास्त होतो. वस्तुतः 'व्हेरी गुड' म्हणजे गाण्याच्या बरोबरीने खरखरही व्यवस्थित ऐकू येते, आणि 'गुड' म्हणजे खरखरीच्या बरोबरीने, लक्ष दिल्यास, गाणे. शाळेत असताना माझ्या प्रगतिपुस्तकावर 'चांगला' असा शेरा का पडत असे, हे मला या वयात उमगले. याखेरीज शेवटच्या गाण्याच्या आणि लेबलाच्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यावर हाताने कोरलेली अक्षरे आणि आकडे असतात. कोणत्या साच्यातून ही प्रत निघाली हे त्यांवरून कळते. ते वाचण्यासाठी दिवा तिरपा धरून, भिंग डोळ्याला लावून, श्वास रोखून तबकडी कणाकणाने फिरवावी लागते. जॉर्ज पेकहॅम नावाच्या इंग्रज तंत्रज्ञाने तर अशा पट्ट्यांवर 'अ पोर्की प्राइम कट' अशी आपली सही कोरून ठेवली, आणि ती सही सापडल्यावर अर्ध्या रात्री ओरडणारी माणसे या जगात आहेत. मी फक्त एकदाच ओरडलो.

निर्दोष संग्रहाचा आदर्श माझ्या डोळ्यांसमोर आहे, पण तो पृथ्वीवर नाही. 1977 मध्ये सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर बारा इंची, सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. तिचा वेग मिनिटाला 16⅔ फेऱ्यांचा, आणि तिच्यात जगभरच्या संगीताबरोबर आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. पाठवणारी माणसे जाणती असली पाहिजेत, कारण त्यांनी सोबत सुईही दिली आणि तबकडी कशी वाजवावी याच्या आकृत्या आवरणावर कोरल्या. व्हॉयेजर-1 आज सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चालले आहे. तिथे दमट हवा नाही, उभे-आडवे हा भेद नाही, "जरा बघू" म्हणून खाचांवर अंगठा टेकवणारा मेहुणा नाही, आणि मुख्य म्हणजे वाजवायला कोणी नाही. केसरबाईंची ती भैरवी 'मिंट' राहणार. मला त्या तबकडीचा हेवा वाटतो. पत्नीला मात्र त्या यानात आणखी जागा नव्हती याचे वाईट वाटते.

शेवटी घरात चालायला वाट उरेना, तेव्हा काही रेकॉर्ड्स योग्य माणसाला देऊन टाकाव्यात असे ठरले. योग्य माणूस म्हणून एक तरुण आला. मी त्याला खिडकीची दिशा विचारली, सुई केव्हा बदलली ते विचारले, घरात लहान मुले आहेत का हे विचारले. मुलगी दाखवतानासुद्धा इतकी चौकशी होत नसेल. त्याने सगळी उत्तरे बिनचूक दिली. मग त्याने एकेक तबकडी कडा आणि लेबल यांनाच स्पर्श करत बाहेर काढली, दिव्याखाली तिरपी धरली आणि निःश्वास टाकून परत ठेवली. असे करता करता सगळा कप्पा संपला. "काका, या मी नेणार नाही," तो म्हणाला. "इतक्या चांगल्या आहेत की माझ्याकडे आल्या तर माझा ताबा राहायचा नाही, मी वाजवीन." हे ऐकून माझे मन भरून आले. जाताना त्याने केवळ ती आगगाडीची रेकॉर्ड मागून घेतली, कारण तिचे काही बिघडण्यासारखे राहिलेलेच नव्हते, आणि पत्नीने ती स्वतः कागदात गुंडाळून दिली.

दुसऱ्या दिवशी तो दोन खोकी घेऊन पुन्हा दारात उभा राहिला. वाजवण्याचा मोह होऊ नये म्हणून स्वतःजवळच्या सर्वोत्तम रेकॉर्ड्स त्याला माझ्याकडे ठेवायच्या होत्या. खोकी आत आली, पलंग आणखी थोडा सरकला, आणि पत्नीने वरचे झाकण उघडून शांतपणे विचारले, "यातली एखादी तरी लावता येईल का?" मी तेव्हापासून दोन्ही खोकी चाळतो आहे, पण पुरेशी खराब अशी एकही अजून सापडलेली नाही.